अठरा मिनिटं दहा सेकंद

लालबागच्या एका पतसंस्थेत ऑगस्टमधल्या एका गुरुवारी डे-एंडला, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करताना, रोकड चाळीस हजारांनी कमी भरली. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन, तिसऱ्या दिवशी दहीहंडी. दोन्ही दिवस काउंटर बंद. सचिव, व्यवस्थापक आणि एक संचालक असे तिघे आतल्या खोलीत डीव्हीआरसमोर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) ठाण मांडून बसले होते. सोमवारी भर पावसात मला फोन आला. काम वेगळंच सांगितलं होतं: "कोणीतरी कॅशियरचा पासवर्ड वापरलाय. कोणत्या पीसीवरून, ते काढून द्या."

मी नेटवर्कची कामं करतो. चोर शोधायला मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. घड्याळाचा विषय तोवर कोणाच्या तोंडी नव्हता.

तक्रार

संस्था गिरण्यांच्या काळातली. मुख्य कार्यालय लालबागला, शाखा वरळी आणि भांडुपला. सर्व्हर एकच, मुख्य कार्यालयात. पस्तीस पीसी, तीन डीव्हीआर, अंगठ्याच्या हजेरीची तीन यंत्रं आणि बॅकअपसाठी एक नॅस, म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी, एवढा पसारा.

तिघांनी फुलस्केपवर मांडलेलं प्रकरण असं होतं. सॉफ्टवेअरप्रमाणे त्या गुरुवारी १२:४९ ते १३:०७ या वेळात रोखपाल ताईंच्या लॉगिनवरून पैसे दिल्याच्या पाच नोंदी पडल्या. कॅमेऱ्यात त्याच वेळात ताईंची खुर्ची रिकामी. १३:०४ ला तर शिपाई काका काउंटरच्या आत उभे दिसतात, पाठ कॅमेऱ्याकडे, हातात काहीतरी. आणि १३:०४:२० ला दहा हजारांची एक नोंद.

ताईंनी शनिवारी फोनवर विचारलं होतं, "मी जागेवर नसताना माझ्या नावाची नोंद होईलच कशी?" प्रश्न त्यांच्या बाजूचा होता, पण उलटा धरला गेला: म्हणजे पासवर्ड दुसऱ्याला दिला होता तर! काकांना कोणी काही विचारलं नव्हतं. सोमवारी सकाळी त्यांच्याकडची तिजोरीच्या खोलीची किल्ली मात्र काढून घेतली होती.

मी ताईंना एकच विचारलं. "ताई, तुम्ही पावणेएकला जेवायला उठता का?"

"नाही हो दादा. एकला शटर अर्धं ओढतात, मगच उठायचं. दीडला परत जागेवर."

कॅमेऱ्यात खुर्ची रिकामी होती १२:४९ ते १३:१९. सॉफ्टवेअरमध्ये एकही नोंद नसलेला मोठा पट्टा १३:०७ ते १३:३७. अर्ध्या तासाची तीच पोकळी दोन्हीकडे होती, एकमेकींपासून अठरा मिनिटं सरकलेली. आणि ताई सांगत होत्या त्या एक ते दीडशी दोन्हींपैकी एकही जुळत नव्हती.

खिशातला फोन काढून तिन्ही वेळा शेजारी शेजारी पाहिल्या. फोनवर ११:२०:००, पीसीच्या कोपऱ्यात ११:२६:५९, डीव्हीआरवर ११:०८:४२.

सचिव साहेब म्हणाले, "अहो, मग आधी ते बरोबर करून टाका." आणि त्यांचा हात माउसकडे गेला.

हात लावण्याआधी

तो हात मी जवळजवळ धरलाच. या कामात सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथे. चुकलेलं घड्याळ दिसलं की ते नीट करावंसं वाटतं, ही माणसाची सवयच आहे. पण घड्याळ किती चुकलंय हे न लिहिता ते सरळ केलं, तर त्या घड्याळाने आजवर लिहिलेल्या सगळ्या नोंदी कायमच्या निरुपयोगी होतात. चुकीची वेळ चालते, चूक किती ते माहीत असलं की वजाबाकी करता येते.

म्हणून पहिला अख्खा दिवस मी काहीही दुरुस्त केलं नाही. लॅपटॉप फोनच्या नेटवरून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून घेतला. भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम याच प्रयोगशाळेचं, तिथल्या अणुघड्याळांवर. मग लॅपटॉपचा पडदा आणि प्रत्येक यंत्राचा पडदा एकाच चौकटीत येईल असे फोटो काढले. विंडोज पीसींसाठी डब्ल्यू-३२-टीएम या हुकमाचा स्ट्रिपचार्ट प्रकार वापरला. तो दुसऱ्या यंत्राशी असलेला फरक नुसता मोजून दाखवतो, बदलत काही नाही. डीव्हीआरच्या स्वतःच्या लॉगमध्ये कोणी वेळ बदलल्याची नोंद आहे का, तेही पाहिलं. नव्हती. मग त्या गुरुवारचं चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून त्याचा हॅश (फाइलचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढला आणि तो कागदावर लिहून सचिवांची सही घेतली. प्रकरण पोलिसांत गेलंच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या ६५-ब च्या जागी १ जुलै २०२४ पासून ते आलं. प्रमाणपत्र जोडलं तरी "त्या घड्याळात त्या दिवशी किती फरक होता?" हा प्रश्न येतोच.

संध्याकाळपर्यंत यादी तयार झाली आणि तीत एक गंमत होती. मुख्य कार्यालयातले आणि शाखांमधले सगळे पीसी एकमेकांशी एका सेकंदाच्या आत जुळत होते. सगळेच सात मिनिटं पुढे. हजेरीची यंत्रंही तेवढीच पुढे, कारण हजेरीचं सॉफ्टवेअर रोज पीसीची वेळ यंत्रात भरतं. डीव्हीआर मात्र प्रत्येकाच्या मर्जीचे. लालबागचा सव्वाअकरा मिनिटांच्या आसपास मागे, भांडुपचा तीन मिनिटं पुढे. वरळीचा तर २००० सालच्या जानेवारीत मुक्कामाला होता, आतली बॅटरी गेलेली.

पीसी पुढे आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं का? बहुतेकांच्या आलं होतं. एका लेखनिकाने सांगितलं, "आम्हाला वाटलं साहेबांनी मुद्दाम पुढे ठेवलंय." आपल्याकडे लोकल चुकू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवणारी घरं मोजायला बसलं तर दादर ते डोंबिवली पुरायचं नाही. तोच न्याय त्यांनी सर्व्हरला लावला.

सगळे एकमेकांना विचारत होते

पस्तीस यंत्रं एकमताने चुकतात, तेव्हा चूक वरून उतरलेली असते. विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरच्या कारभाराखाली बांधलेल्या पीसींमध्ये, वेळेची उतरंड ठरलेली आहे. पीसी डोमेन कंट्रोलरला, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरला, विचारतो, डोमेन कंट्रोलर पीडीसी एम्युलेटर ही भूमिका असलेल्या सर्व्हरला विचारतो. त्या सर्वांत वरच्याने कोणाला विचारायचं हे माणसाने सांगावं लागतं. ते सांगायचं राहून जातं.

इथे प्रकार थोडा जास्त गमतीचा होता. डिसेंबरच्या मध्यात जुना सर्व्हर काढून नवा आणला होता. नव्या यंत्रावर हायपर-व्ही (एका यंत्रात दुसरं आभासी यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) बसवून डोमेन कंट्रोलर त्याच्या पोटात आभासी यंत्र म्हणून चालवला होता. मी त्या आभासी यंत्राला विचारलं, तुला वेळ कोण देतं? उत्तर आलं: व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर. म्हणजे ज्याच्या पोटात ते चालतं, तो यजमान. मग यजमानाला विचारलं. तो बिचारा डोमेनचा सभासद, त्याने डोमेन कंट्रोलरचं नाव सांगितलं.

म्हणजे आई मुलाला विचारते किती वाजले, आणि मूल आईकडे बघून सांगतं. घराबाहेर कोणी डोकावत नाही. दोघांचं एकमत पक्कं, आणि दोघं मिळून मदरबोर्डवरच्या क्वार्ट्झच्या स्फटिकाबरोबर हळूहळू वाहत जातात. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस भाग एवढी चूक सहज असते. ऐकायला किरकोळ वाटते, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ती रोजची पावणेदोन सेकंदांच्या आसपास जाते.

अशी चूक बोंब मारत नाही, हा तिचा खरा त्रास. डोमेनमधलं लॉगिन ज्या केरबेरॉसवर चालतं, त्याला दोन यंत्रांत पाच मिनिटांपर्यंत फरक चालतो. पण तो फरक मोजतो आपापसातला, जगाशी नव्हे. सगळेच सारखे पुढे गेले तर त्याची काही हरकत नसते.

मेलमधली रेषा

आता एक अडचण होती. मी मोजलं सोमवारी, आणि घटना गुरुवारची. घड्याळ रोज सरकत असेल तर सोमवारचा फरक गुरुवारला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय संचालकांनी रास्त शंका काढली: "गुरुवारी बरोबर असेल आणि शनिवारी कोणी बदललं असेल तर?"

उत्तर सचिवांच्या फोनमध्ये होतं. सॉफ्टवेअर रोज डे-एंडला दिवसाचा गोषवारा त्यांच्या जीमेलवर पाठवतं. प्रत्येक मेलच्या पोटात दोन वेळा असतात. एक 'डेट' या ओळीत, ती पाठवणाऱ्या सर्व्हरने स्वतःच्या घड्याळाने घातलेली. दुसरी 'रिसीव्हड' या ओळीत, ती गुगलच्या सर्व्हरने मेल हातात पडताना मारलेला शिक्का. दोन्हींतला फरक, वाटेतले एक-दोन सेकंद सोडले, तर त्या दिवशीची सर्व्हरची चूक! घड्याळाची रोजनिशी न मागता कोणीतरी लिहून ठेवली होती.

जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' केलं की हे दिसतं. गुगलची वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची असते, आपल्याहून उन्हाळ्यात साडेबारा तास मागे आणि हिवाळ्यात साडेतेरा. मार्चमधल्या एका मेलपासून अचानक तासाचा फरक पडल्यावर सचिव साहेब खुर्चीतून उठलेच होते. त्यांना अमेरिकेतला घड्याळबदल समजावण्यात एक चहा गेला.

दर आठवड्याचं एक, अशी पस्तीस मेलं काढून आलेख काढला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत फरक जवळपास शून्य. तिथून सरळ चढती रेषा, रोज १.७ सेकंद. मे महिन्यात ती किंचित वाकली होती. तेव्हा सर्व्हरच्या खोलीतला एसी दोन आठवडे बंद होता, आणि स्फटिकाची चाल तापमानावर हलते. गुरुवारपर्यंत २४२ दिवस झाले होते, चूक ४१२ सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ५२ सेकंद. सोमवारी मी मोजलेले ६ मिनिटं ५९ सेकंद त्याच रेषेवर बसले. कोणी मधे हात लावला असता तर रेषेत पायरी दिसली असती.

मग वजाबाकी. १३:०४:२० मधून ६ मिनिटं ५२ सेकंद काढले: खरी वेळ १२:५७:२८. डीव्हीआर ११ मिनिटं १८ सेकंद मागे, म्हणजे त्याच्या पडद्यावर १२:४६:१०. दोन्ही मिळून अठरा मिनिटं दहा सेकंद.

डीव्हीआर १२:४६ वर नेला. ताई जागेवर. समोर छत्री टेकवून उभे असलेले एक वयस्कर सभासद. ताईंनी ड्रॉवरमधून बंडल काढलं, मशीनवर न टाकता पट्टी बघून पुढे सरकवलं, सभासदांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं. व्यवस्थापक म्हणाले, "परत लावा." परत लावलं. शंभरच्या नव्या नोटा जांभळट, पाचशेच्या करड्या. बंडल करडं होतं. दहा हजारांच्या स्लिपवर पन्नास हजार गेले होते. जेवणाची वेळ झालेली, मागे रांग, आणि दोन्ही बंडलांच्या पट्ट्या पांढऱ्या.

काका डीव्हीआरच्या १३:०४ ला, म्हणजे खऱ्या सव्वाएकला, ताईंची पाण्याची बाटली भरून ठेवत होते.

शिपाई राजाबाई टॉवरला जातो

बंडलाचा उलगडा झाला तरी माझं काम आता कुठे सुरू झालं होतं. संचालक मंडळासमोर एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत, कसं चालतं ते सांगायचं होतं. तिथे मांडलेलं उदाहरण इथेही देतो.

समजा आपल्याला आपलं घड्याळ राजाबाई टॉवरशी जुळवायचं आहे. फोन नाही. शिपायाला लालबागहून फोर्टला पाठवलं. निघाला तेव्हा आपल्या घड्याळात १०:००. त्याने टॉवरवर पाहिलं १०:१३ आणि लगेच परत फिरला. पोचला तेव्हा आपल्याकडे १०:४०. येऊन-जाऊन चाळीस मिनिटं. जायला-यायला सारखाच वेळ लागला असं धरलं, तर टॉवर बघताना आपल्याकडे १०:२० झाले असणार. टॉवर म्हणतो १०:१३. आपण सात मिनिटं पुढे.

आणि जाताना पंधरा मिनिटं, येताना भायखळ्याला ट्रॅफिक लागून पंचवीस लागली असली तर? मग आपला हिशोब पाच मिनिटांनी चुकतो, दोन वाटांमधल्या फरकाच्या निम्म्याने. पण कितीही झालं तरी चूक एकूण फेरीच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. एनटीपी हेच करतं, चार वेळा टिपून. आपण पाठवल्याची, त्यांना पोचल्याची, त्यांनी उत्तर धाडल्याची आणि आपल्याला मिळाल्याची. शिपाई तिथे चहाला थांबला तर तो वेळही त्यामुळे वजा होतो. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये या पद्धतीचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला, आणि गाभा अजून तोच आहे.

मुंबईला वेगळ्या घड्याळाची सवय जुनीच. १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तरी हे शहर १९५५ पर्यंत 'बॉम्बे टाइम' धरून होतं, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. अध्यक्षांनी बैठकीत आपल्या आजोबांची आठवण काढली. त्यांच्या घरी म्हणे दोन घड्याळं असत. मंडळाची दहा मिनिटं तिथेच गेली आणि मला बरं वाटलं, कारण पुढच्या खर्चाचा कागद त्याच ओघात मंजूर झाला.

खर्च मोठा नव्हताच. दोन छोटे पीसी घेतले, आभासी नव्हे, हाताला लागणारे. त्यांवर लिनक्स आणि घड्याळ जुळवणारं क्रोनी हे सॉफ्टवेअर. दोघांना वेळ देणारे स्रोत: एनआयसी या सरकारी संगणक-केंद्राचे समय१ आणि समय२, आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा (एनपीएल) सर्व्हर. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेतच, की एनआयसी किंवा एनपीएल यांच्याशी, अथवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी घड्याळं जोडा. त्यातच घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असंही आहे. ते परिपत्रक संस्थेच्या फायलीत होतं, 'पाहिले' अशा सहीसह. चौथा स्रोत सार्वजनिक एनटीपी पूलमधला, पण त्याला नोसिलेक्ट लावला. तो नुसता साक्षीला, त्याच्यावरून घड्याळ हलत नाही. एकच स्रोत असेल तर तो खोटं बोलतोय हे कळायला मार्ग नसतो. दोन असले आणि भांडले तर कोण खरं हे ठरत नाही. तीन असले की बहुमत. या यादीत गुगलचा सर्व्हर घालू नका, तो लीप सेकंद (जागतिक वेळेत अधूनमधून घालावा लागणारा जादा सेकंद) दिवसभरात पसरवून घालतो आणि बाकीचे तसं करत नाहीत. त्या दिवशी उगाच मारामारी होते.

पहिल्या प्रयत्नात सगळ्या स्रोतांपुढे रीच या रकान्यात शून्य. फायरवॉलमधून बाहेर फक्त वेबच्या पोर्टना परवानगी होती, एनटीपी जातं यूडीपी १२३ वरून. ते पोर्ट या दोन यंत्रांपुरतंच उघडलं. थोड्या वेळाने रीच ३७७ झाला. नवख्या माणसाला हा आकडा कोड्यात टाकतो. तो अष्टमान पद्धतीतला आहे, अर्थ इतकाच की शेवटच्या आठही हाकांना उत्तर मिळालं.

बाकीची बांधणी साधी. डोमेन कंट्रोलरच्या आभासी यंत्राचं यजमानाकडून वेळ घेणं बंद केलं. पीडीसी एम्युलेटरला या दोन पीसींची नावं दिली, यजमानालाही तीच. पीसींना काही सांगावं लागत नाही, ते उतरंडीने घेतात.

रविवारची रात्र

सेटिंग दहा मिनिटांचं असलं तरी घड्याळ मागे आणणं दहा मिनिटांचं नसतं.

पुढे जाणं सोपं, मधे भोक पडतं एवढंच. मागे येणं वाईट. १०:०७ ला लिहिलेल्या नोंदीनंतर १०:०१ ची नोंद येते. व्यवहारांचा क्रम वेळेवर लावणारं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी काय करेल, हे ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "काही होणार नाही बहुतेक." त्या 'बहुतेक'वर पतसंस्था चालत नाही.

उडी न मारता घड्याळ सावकाश चालवून फरक जिरवता येतो. जुन्या एनटीपीडी या सॉफ्टवेअरची त्यासाठीची मर्यादा सेकंदाला अर्धा मिलिसेकंद. एवढ्या गतीने ४२९ सेकंद जिरवायला जवळजवळ दहा दिवस. ऐन गणपतीच्या तोंडावर, काउंटर ओसंडून वाहत असताना दहा दिवस रोज बदलणारी चूक मला नको होती.

म्हणून रविवारी रात्री डे-एंडनंतरची शांतता धरली. सगळ्या शाखांचे पीसी बंद. सॉफ्टवेअरची आणि डेटाबेसची सेवा थांबवली. शेवटच्या नोंदीची वेळ कागदावर लिहिली. घड्याळ ७ मिनिटं ९ सेकंद मागे आणलं, आणि खरी वेळ त्या शेवटच्या नोंदीच्या पुढे जाईपर्यंत काही सुरू केलं नाही. एकच वेळ दोनदा जगायची, पण दुसऱ्यांदा काही लिहायचं नाही, असा तो प्रकार. सुरक्षारक्षक आणि मी नुसते बसून होतो.

तरी एक चूक माझी राहिलीच. नॅस. तो डोमेनचा सभासद होता आणि चालूच होता. त्याचं घड्याळ जुन्याच वेळेवर, म्हणजे सर्व्हरपेक्षा सात मिनिटं पुढे, पाच मिनिटांच्या मर्यादेबाहेर. रात्री अकराचा बॅकअप नाकारला गेला. सकाळी लाल दिवा बघून धावत गेलो. नॅसला नव्या सर्व्हरचा पत्ता दिला आणि बॅकअप हाताने घेतला. यादीत त्याचं नाव होतं, मापही घेतलेलं होतं, क्रमात मात्र मी त्याला घेतलं नव्हतं.

डीव्हीआरचा धडा वेगळा. मेन्यूत एनटीपी चालू केलं, पत्ता आपल्या पीसीचा दिला, आणि भांडुपचा डीव्हीआर थेट अडीच तास पुढे गेला. एनटीपी फक्त जागतिक वेळ देतं. स्थानिक वेळ काढणं यंत्राचं काम, आणि या यंत्रात कारखान्यातलं जीएमटी अधिक आठ तसंच होतं. हाताने वेळ लावत होते तोवर त्याने काही बिघडत नव्हतं. अधिक साडेपाच केल्यावर जागेवर आला. लालबागचा सव्वाअकरा मिनिटं पुढे सरकला, त्यामुळे त्याच्या चित्रणात तेवढं भोक आहे. ते का आहे, हे तारीख-वेळेसह रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं. वरळीची बॅटरी बदलली, ती २००० सालातून परतली.

लेट मार्क

छत्रीवाले सभासद घर सारवायला आधीच गावी, देवगडकडे गेले होते. फोनवर म्हणाले, "अहो, मी पिशवी अजून सोडलीच नाही. पेटीत ठेवलीय." त्यांनी सोडून पाहिली, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले गौरी-गणपती झाले की घेऊन येतो. आले आणि भरले.

काकांची किल्ली बुधवारीच परत दिली गेली. त्यांना तोंडावर कोणी काही बोललं नव्हतं, त्यामुळे तोंडावर काही परत घ्यावं असंही कोणाला वाटलं नाही. मी फुलस्केप मागून घेतला आणि त्याखाली तिन्ही वेळांचं कोष्टक लिहून फायलीला लावला.

शेवटचा विषय निघाला तो हजेरीचा. दहा-दहापर्यंत सवलत, त्यापुढे लेट मार्क, तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाचा पगार. यंत्र मार्चमध्ये अडीच मिनिटं पुढे होतं, जुलैअखेर साडेसहा. गर्दीच्या वेळी सहा मिनिटांत करी रोडला दोन लोकल येऊन जातात. "मी वेळेत होतो" असं सांगणाऱ्या प्रत्येकाला गेले कित्येक महिने एकच उत्तर मिळत होतं, की रेल्वेचं कारण सांगू नका.

रेषा हाताशी होती, त्यामुळे प्रत्येक दिवसाची दुरुस्ती काढता येत होती. एका लेखनिकाने एक्सेलमध्ये ती लावली. जून आणि जुलैचे चुकीचे लेट मार्क सप्टेंबरच्या पगारात परत आले. मार्चपर्यंतचे त्या ताळेबंदात मिटलेले आहेत असं हिशोबनीसांचं म्हणणं, आणि एप्रिल-मे कुठे धरायचे यावर वाद. विषय मंडळाच्या पुढच्या बैठकीत आहे.